दारात म्हैस, लेकरू पिवळ्या पट्टीत

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली ही वाडी. पंचवीसेक उंबरे. वाडीचं नाव, घरातल्या माणसांची नावं आणि साल मी लिहिलेलं नाही. घर ओळखू येऊ नये म्हणून एकदोन किरकोळ तपशील बदलले आहेत. बाकी जसं घडलं तसं.

घरात सहा माणसं. सासू-सासरे, लेक-सून आणि दोन नाती. थोरली पाच वर्षांची, धाकटी चौदा महिन्यांची. दोन एकर हलकी, कोरडवाहू जमीन; त्यात सोयाबीन आणि मध्ये तुरीच्या ओळी. दिवाळी झाली की लेक-सून कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, ते पार गुढीपाडवा उलटल्यावर परततात. मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फेडायची, आणि फिटली नाही तर पुढच्या सालाला तीच बाकी पुढे ओढायची. बालाघाटावर अशी घरं पावलोपावली सापडतात.

जनावरं म्हणाल तर या घरात वाडीतल्या चार घरांपेक्षा जास्तच. एक म्हैस आणि तिचं रेडकू. तीन उस्मानाबादी शेळ्या, त्यातली एक अर्धलीची, म्हणजे सांभाळायची आपण आणि करडं मालकासोबत निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. उस्मानाबादी शेळी काळीभोर, काटक. बाभळीच्या शेंगा आणि लिंबाच्या पाल्यावरही तगते आणि बऱ्याचदा जुळं देते. म्हणून धाराशिव, लातूर, बीडकडच्या गरीब घराची ती बँकच आहे. शिवाय सहा गावरान कोंबड्या. त्या सासूबाईंच्या. अंड्यांचे पैसे त्यांच्या कनवटीला.

सासरे माळकरी. घरात मांस-मच्छी शिजत नाही, अंडीही नाहीत. शेळ्या-कोंबड्या पाळायच्या त्या विकायला.

अडचण

आषाढात अंगणवाडीताईंनी मला बोलावून घेतलं. मी त्या भागात बचत गटांबरोबर शेळ्या-कोंबड्यांच्या कामावर होते. ताईंचं म्हणणं असं: धाकटीचं वजन तीन महिने जागचं हललेलं नाही. ६.९ किलो. दंडाला पट्टी लावली तर ११.९ सेंटीमीटर. या पट्टीवर साडेअकराच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. म्हणजे लेकरू पिवळ्यात, आणि लालपासून अर्धा सेंटीमीटरही लांब नाही.

ताई म्हणाल्या, "दारात पाच लिटरची म्हैस आहे मॅडम, आणि लेकराची ही गत. ज्यांच्याकडं काहीच नाही त्यांना मी काय सांगू?"

या प्रश्नापायीच हे प्रकरण मी सविस्तर लिहायला घेतलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ६८.९ टक्के. या आकड्यांवर उपाय म्हणून गावोगाव शेळ्या, कोंबड्या, म्हशी वाटल्या जातात. दोन वर्षांपूर्वी या वाडीतही एका प्रकल्पातून घरटी दहा पिल्लं आली होती. लस कुणी टोचली नव्हती. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली आणि आठवड्यात बहुतेक घरांची खुराडी रिकामी झाली. प्रकल्पाच्या कागदावर मात्र पिल्लं वाटल्याची नोंद तशीच राहिली. सासूबाईंना ते अजून सलत होतं, आणि सलायलाच पाहिजे होतं.

पहिली भेट आणि माझा चुकलेला सल्ला

पहिल्या भेटीत मी अर्धा तास बसले. धाकटी अंगावर पीत होती. वरचं खाणं दोन वेळा: वरणाच्या वरच्या निवळात कुस्करलेली भाकरी, नाहीतर चहात बुडवलेलं बिस्कीट. मी सांगितलं, म्हैस आहे तर लेकराला रोज वाटीभर दूध द्या, खाणं चार वेळा करा, निवळ नको, घट्ट वरण द्या. सून मान हलवत होती. सासूबाई म्हणाल्या, "देतो की बाई. लेकराला कोण न्हाई म्हनतंय?"

पंधरा दिवसांनी गेले. वजन तेवढंच. दूध दिलं जात होतं, पण चहातून. चहा पाजल्याने पोट भरतं, भूक मरते, आणि जेवणातलं लोहही नीट अंगी लागत नाही. माझ्या सल्ल्याने त्या घरात चहाची एक वेळ तेवढी वाढली होती.

चूक माझी होती. दूध कुणाच्या हातात आहे, त्याचा पैसा कुणाकडे जातो आणि चार वेळा भरवायला कुणाला फुरसत आहे, यातलं काहीही न विचारता मी सल्ला देऊन मोकळी झाले होते. पुढच्या भेटीला मी पहाटे पाचलाच पोचले आणि दिवेलागणीपर्यंत थांबले. त्या एका दिवसात जे दिसलं ते आधीच्या पंधरा दिवसांत कळलं नव्हतं.

सून पाचला उठली. शेण काढलं, गोठा झाडला, धार काढली. साडेसहाला लेकाने बरणी संकलन केंद्रावर नेली. मग तिने वैरणीचा भारा आणला, म्हशीला पाणी पाजलं. हापसा अर्ध्या किलोमीटरवर आणि म्हैस दिवसाला पाच-सहा बादल्या पिते. दहा वाजता खुरपायला गेली, दुपारी तीनला आली, पुन्हा वैरण, पुन्हा धार. धाकटी दिवसभर थोरलीच्या कडेवर. पाच वर्षांची पोर चौदा महिन्यांच्या पोरीला काय भरवणार? जे हाताला लागलं ते.

दुपारी धाकटी अंगणात बसलेली. आजूबाजूला कोंबड्या. तिने मातीतून काहीतरी उचललं, मुठीत घट्ट धरलं आणि मूठ तोंडाकडे नेली. मी धावले, मूठ उघडली. आत कोंबडीची ओली विष्ठा होती. थोरली म्हणाली, "ती रोजच खाती." आजीने पदराने हात पुसला आणि लेकरू पुन्हा तिथंच ठेवलं. रात्री कोंबड्या घरातच, डालग्याखाली, लेकरं झोपतात त्याच्या हाताभर अंतरावर. बाहेर मुंगसाची भीती. गेल्या दोन महिन्यांत लेकराला तीनदा जुलाब झाले होते, आणि ते मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

म्हशीचा हिशोब

संध्याकाळी मी सासऱ्यांबरोबर ओट्यावर बसले आणि म्हशीचा हिशोब मांडला. तो इथे पूर्ण देते, कारण सगळं घर त्या हिशोबावर चाललं होतं आणि तो कुणी एका जागी कधी केलेला नव्हता.

म्हैस माघात घेतली, ऐंशी हजाराला. त्यातले पन्नास हजार फायनान्सचे. हप्ता आठवड्याला १,१५० रुपये, बावन्न आठवडे. दूध पाच लिटर. अर्धा लिटर घरी, तेही चहापुरतं, साडेचार डेअरीला. दर पंचेचाळीस. दहा दिवसांचं बिल दोन हजार पंचवीसच्या आसपास. त्यातून सरकी पेंडीचे नऊशे डेअरीच कापून घेते. हातात अकराशे पंचवीस. आणि दहा दिवसांचा हप्ता काढला तर सोळाशेच्या वर.

म्हणजे म्हैस स्वतःचा हप्तासुद्धा फेडत नव्हती. दर दहा दिवसांना पाचशेची तूट. ती सुनेच्या खुरपणीच्या रोजातून आणि सासूबाईंच्या अंड्यांच्या पैशातून भागवली जात होती. लेकराच्या तोंडचं दूध डेअरीला जात होतं, अंडी बाजारात जात होती, आईचा दिवस म्हशीच्या मागे जात होता, आणि सगळं मिळून आठवड्याच्या हप्त्याला पुरत नव्हतं.

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दावण रिकामी दिसली तर उद्या पोरीला स्थळ कोण आणील?" थोरली पाच वर्षांची. पण मी हसले नाही. दावणीला जनावर असणं म्हणजे घराची पत, उसनं मिळण्याची सोय, सोयऱ्यांतला मान. लिटर आणि रुपये मोजून त्याची किंमत निघत नाही, आणि ते न मोजता घरी निघून येणं बरोबर नव्हे.

पर्याय

ताई, मी आणि सून, तिघींनी मिळून काय काय करता येईल ते बोलून पाहिलं. सासूबाई दाराशी बसून ऐकत होत्या.

म्हैस विकायची, हा माझा पहिला विचार. हप्ता सुटला असता, सुनेचे दिवसाचे चार-पाच तास सुटले असते. पण श्रावण तोंडावर होता, म्हैस दुधात होती, आणि सासऱ्यांचा जीव त्यात अडकला होता. मी फार जोर लावला नाही.

कोंबड्या वाढवायच्या, हा पर्याय आमच्या संस्थेला आवडणारा. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. दहा-पंधरा दिली की खुडूक बसते, म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसते. सहा कोंबड्यांची तीन-साडेतीनशे अंडी धरली आणि त्यातली पिल्लं काढायला ठेवलेली वजा केली, तर दिवसाला एकसुद्धा हाती लागत नाही. गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जाती वर्षाला शंभराच्या वर अंडी देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिल्लं दरवेळी विकत आणायची. आणि ज्या अंगणात लेकरू विष्ठा तोंडात घालतंय त्या अंगणात आणखी दहा कोंबड्या सोडणं मला पटेना.

शेळीचं दूध हा तिसरा पर्याय. एक शेळी दोन महिन्यांपूर्वी व्यालेली, करडं आता पाला खायला लागलेली. तिच्या दुधातून वाटीभर काढलं तर करडांचं काही बिघडत नव्हतं. इथे सावध राहावं लागतं. शेळीच्या दुधात लोह आणि फोलेट दोन्ही कमी, त्यामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला तेच मुख्य अन्न म्हणून देऊ नये. धाकटी चौदा महिन्यांची होती, अंगावर पीत होती, म्हणून जोडीला चाललं असतं. पण आजीचा आग्रह धारोष्ण दुधाचा. ब्रुसेलोसिस, म्हणजे शेळ्या-म्हशी गाभडवणारा, त्यांचा गर्भ पाडणारा रोग, कच्च्या दुधातून माणसालाही होतो. वर्षभरापूर्वी याच दावणीतली एक शेळी गाभडली होती. त्यामुळे दूध उकळूनच, हे मी हात जोडून सांगितलं.

अंड्याबद्दल मी जास्त आग्रही होते. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं देऊन पाहिलं, तेव्हा त्यांची उंची चांगली सुधारली. ते निष्कर्ष २०१७ साली छापून आले. आफ्रिकेतल्या मलावीत तसाच प्रयोग झाला तर उंचीत फरक पडला नाही. तिथल्या मुलांच्या खाण्यात आधीपासून मासे होते. आमच्या धाकटीच्या ताटात भाकरी आणि निवळाशिवाय काही नव्हतं. अंड्याचा उपयोग व्हायचा तर अशाच लेकराला होईल, असं मला वाटलं. रक्तक्षय मात्र अंड्याने जात नाही. त्यातलं लोह थोडं, आणि अंगी लागतं ते आणखी थोडं.

काय केलं

सुरुवात अंगणापासून केली, ताटापासून नाही. जुलाब थांबल्याशिवाय घातलेलं अंगी लागणार नव्हतं. लेकाने बाभळीच्या चार मेढी रोवून जमिनीपासून दोन हात उंच खुराडं केलं. खाली पट्ट्यांची जमीन, विष्ठा खाली पडेल अशी. वर जुना पत्रा, बाजूंना जाळी. जाळी आणि खिळे मिळून अकराशे रुपये लागले. दारापासून वीस पावलं लांब, वारा घराकडे येणार नाही अशा बाजूला. खाली रोज राख टाकायची आणि आठवड्याला सगळं उकिरड्यावर. लांब बांधण्याचा हट्ट मी धरला त्याला कारण होतं. पेरू देशात लिमा शहरालगतच्या वस्तीत कोंबड्या कोंडून ठेवण्याचा प्रयोग झाला होता, आणि कोंडणाऱ्या घरांतल्या मुलांत कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जंतूचे जुलाब कमी व्हायच्या ऐवजी जास्तच दिसले. घाण एका जागी साठते, आणि ती जागा लेकराच्या पायाखाली असेल तर कोंडून उपयोग काय? दिवसा कोंबड्या मोकळ्याच राहणार होत्या. म्हणून धाकटीसाठी ओट्यावर जुनी बाज आडवी लावून एक कोपरा अडवला आणि तिथे गोधडी अंथरली. भरवण्याआधी तिचे आणि भरवणारीचे हात साबणाने धुवायचे, हे थोरलीने खेळासारखं उचललं.

मग लस. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात मिळते, पण एका कुपीत शंभर कोंबड्यांचे डोस असतात आणि विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? दोन वर्षांपूर्वीची पिल्लं अशीच मेली. आम्ही नऊ घरांना गोळा केलं. आठवडाभर आधी जंताचं औषध पाण्यातून दिलं. ठरल्या दिवशी कोंबड्या सुटायच्या आधी, पहाटे, पशुधन पर्यवेक्षक बर्फाच्या थर्मासात लस घेऊन आले. पिल्लांना डोळ्यात थेंब, मोठ्यांना पंखाखाली टोचणी. चौऱ्याऐंशी कोंबड्या दीड तासात झाल्या. सासूबाई स्वतः एकेक धरून देत होत्या. मला वाटतं, त्यांचा माझ्यावर विश्वास त्या पहाटे बसला.

राहिला प्रश्न अंडं शिजवायचं कुठे. सासऱ्यांच्या माळेबद्दल मी एक शब्दही बोलले नाही, आणि आजही बोलणार नाही. अंगणवाडीताईंनी त्यांच्यासमोर लेकराचा तक्ता ठेवला आणि दंडाची पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी नातीच्या दंडाला ती गुंडाळली, पिवळा रंग पाहिला, पुन्हा गुंडाळली. दुसऱ्या दिवशी ते सुनेला म्हणाले, "चुलीला लावू नका. अंगणात तीन दगडं मांडा. लेकराला औषध म्हनून देयाचं." तोडगा त्यांचा त्यांनीच काढला होता.

अंडी कुठली, हा हिशोब सासूबाईंशी. गावरान अंडं बारा रुपयांना जात होतं, दुकानात पांढरं सात रुपयांना मिळत होतं. चार गावरान विकली की रुपयाभर घालून आठवड्याची सात पांढरी येतात. त्यांना ते पटेना. "त्या मिशनीच्या अंड्यात काय कस आसतो?" कवचाचा आणि बलकाचा रंग निराळा असला तरी प्रथिनं दोन्हींत सारखीच, अंड्यामागे सहा ग्रॅमच्या आसपास, असं मी सांगितलं. खरं पटवलं ते नफ्याने. कनवटीला फार चाट न बसता नातीला अंडं मिळत होतं.

पहिल्या दिवशी मी तिथे होते. सुनेने उकडलेलं अंडं सोललं, डोक्यातला दोरा काढला आणि त्या दोऱ्याने अंड्याचे बरोब्बर दोन भाग केले. अर्धं थोरलीला. दिवसभर धाकटीला कडेवर घेणाऱ्या पोरीला सोडून एकटीलाच देणं कुणाच्याच मनाला येईना. माझ्या आराखड्यात रोज एक अंडं होतं, प्रत्यक्षात ते रोज अर्धं झालं. मी ते तसंच राहू दिलं.

दुधाचं ठरलं ते असं: शेळीचं वाटीभर, उकळून, संध्याकाळी, वरणभाकरीत कालवून. चहा बंद. घट्ट वरण, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं कूट, कधी शेवग्याचा पाला.

कारखान्याला जाताना

आश्विनाअखेर धाकटी ७.९ किलोवर आली. तीन महिन्यांत एक किलो, आणि जुलाब फक्त एकदा. आम्ही सगळे खुशीत होतो. आणि दिवाळी तोंडावर आली.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता, आणि तो आमच्या हातात नव्हता. धाकटीला आजीकडे ठेवलं तर अंगणवाडी, खुराडं, शेळी सगळं मिळत होतं. पण आईचं दूध तुटत होतं. बरोबर नेलं तर उसाच्या फडाच्या कडेला, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, थंडीत सहा महिने. ताईंचं मत ठेवावं असं होतं, माझं न्यावं असं. सुनेने आमचं दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी तिला सोडून ऱ्हाईन व्हय?" थोरली आजीकडे राहिली, धाकटी आईबरोबर गेली. दुभती शेळी ट्रकमध्ये चढवली. फडावर उसाचं वाढं मिळतं, तिला चाऱ्याची ददात नव्हती.

म्हैस त्याच सुमारास नेकनूरच्या बाजारात विकली. लेक-सून गेल्यावर दोघा म्हाताऱ्यांना वैरणपाणी होणार नव्हतं, आणि ती आटत आली होती. पंचावन्न हजार आले. उरलेले चौदा हप्ते एकदम चुकते केले, अठरा हजारांच्या दोन गाभण पाठी, म्हणजे तरुण शेळ्या, घेतल्या, बाकीचे किराणा आणि दवाखान्याच्या उधारीत गेले. त्या दिवशी सासरे जेवले नाहीत.

काय झालं

ते चैत्रात परतले. धाकटी तेवीस महिन्यांची, वजन ८.७ किलो, दंड १२.७. पट्टी हिरवी. पण सहा महिन्यांत वाढ अवघी आठशे ग्रॅम. वजन वयाच्या मानाने अजून थोडं कमी आणि उंची बरीच मागे. पहिल्या दीड वर्षात हुकलेली उंची सहजासहजी भरून निघत नाही. हे मला माहीत होतं, तरी मोजपट्टी पाहून वाईट वाटलं. फडावर दोनदा ताप-खोकला झाला होता. जवळच्या गावच्या अंगणवाडीत नाव घालायला लेक गेला होता, पण पहाटे चारला कोयता घेऊन जाणारी माणसं अकराच्या अंगणवाडीला लेकरू पोचवणार कशी?

अंडं मात्र तिथेही चाललं. मुकादमाकडून खर्ची मिळाली की बाजारातून पांढरी अंडी यायची.

आणि एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही नव्हती. सुनेचं हिमोग्लोबिन श्रावणात ८.२ होतं. लोहाच्या गोळ्या ती घेत होती, पण चहाबरोबर. कितीदा सांगितलं तरी घरातलं सगळ्यात शेवटचं जेवण तिचंच. कोपीत चूल तिची एकटीची. तिथे ती बाजाराच्या दिवशी रक्ती आणायची. शेळीच्या रक्ताचा हा पदार्थ गरिबाच्या खिशाला परवडतो आणि त्यात लोह भरपूर. तिने ती नवऱ्याबरोबर बसून, गरम खाल्ली. चैत्रात हिमोग्लोबिन ९.६. अजून कमीच, पण वाढलेलं. सहा महिने ऊस तोडून एखादी बाई घरच्यापेक्षा बऱ्या रक्ताने परत येते, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

मार्गशीर्षात शेजारच्या तांड्यावर मानमोडी आली होती. आमच्या नऊ घरांच्या कोंबड्या टिकल्या. लस न घेतलेल्या दोन घरांच्या गेल्या. आता ती घरंही विचारायला आली आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी सल्ला देणार नाही. आधी पहाट ते संध्याकाळ घरात बसेन. दूध, अंडी, करडं यांचा पैसा कुणाच्या हातात जातो ते विचारेन, जुलाब किती झाले ते विचारेन, आणि मगच ताटाकडे वळेन.

म्हशीचा हिशोब आषाढातच निघाला होता. तेव्हा ती दुधात होती, आठदहा हजार जास्त आले असते आणि सुनेचे तीन महिन्यांचे कष्ट वाचले असते. मी सासऱ्यांच्या मनाचा विचार केला. ते चुकलं असं म्हणवत नाही, पण त्याची किंमत सुनेने मोजली, हे खरं. निदान कागदावर हिशोब लिहून त्यांच्याकडे ठेवायला हवा होता आणि लेकाला, सुनेला समोर बसवायला हवं होतं. मी तो फक्त ओट्यावर, पुरुषमाणसाशी बोलले.

सुनेचा विचार मी सुरुवातीला केलाच नाही. माझ्या वहीत त्या घराचं पान लेकराच्या वजनाने सुरू होतं, आणि आईच्या नावाची ओळ श्रावणात, रक्त तपासल्यावर आली. ती आशा स्वयंसेविकेने लिहायला लावली. थोरलीचं तर वजनही मी एकदाच घेतलं. धाकटीला दिवसभर सांभाळून तिची अंगणवाडी बुडत होती, हे अंगणवाडीताईंच्या हजेरीपटावर लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघींनीही त्या नजरेने ते पाहिलं नाही.

कोपीची तयारीही उशिरा सुरू केली. त्याच टोळीत आणखी चार लेकरवाल्या बाया होत्या. पाचजणींनी मिळून एक म्हातारी बाई लेकरं सांभाळायला न्यावी, तिला दर कोयत्यामागे, म्हणजे दर जोडप्यामागे, थोडे पैसे द्यावेत, अशी बोलणी आम्ही आता पुढच्या हंगामासाठी लावली आहेत. मुकादम अजून हो म्हणालेला नाही.

ज्येष्ठात मी शेवटची गेले तेव्हा दोन्ही पाठी व्यायल्या होत्या, चार करडं अंगणात उड्या मारत होती. सासूबाईंनी टोपलीत अंडी मोजून दाखवली. धाकटी चालायला लागली होती, तिला बाजेच्या कोपऱ्यात आता ठेवता येत नव्हतं. वाडीत फायनान्सवाला पुन्हा फिरत होता, साठ हजारांपर्यंत देतो म्हणून. लेकाच्या मनात म्हैस परत घ्यायचं आलं होतं, सासऱ्यांच्या तर होतंच. सून भाकरी थापत होती. मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "घ्या. पन आधी शेन कोन काढनार आन् पानी कोन आननार ते सांगा."

यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. म्हैस घेतली की नाही, मला अजून कळलेलं नाही.